भुसा ओढायचं मशीन

पुरुषाला लाकूडकामाचा शौक लागला की तो लाकडाचं काही करत नाही, भुशाचं करतो. हे मी लहानपणी घरात पाहिलं आणि आता म्हातारपणी पुन्हा पाहते आहे, म्हणून लिहायला बसले. माझी शाळा लवकर सुटली, तेव्हा यात कोणी सजावट शोधू नये.

माझा धाकटा, सतीश, बुटीबोरीच्या एका कारखान्यात साहेब आहे. त्याने घराखालची गाडी ठेवायची जागा रिकामी केली, गाडी बाहेर उन्हात उभी केली आणि आत करवती मांडल्या. फोनवर बघून बघून शिकला. मग त्याला कळलं की लाकूड कापलं की भुसा होतो. आमच्या वेळी ही गोष्ट शेंबड्या पोरालाही माहीत होती, पण सतीशला ती इंजिनिअर झाल्यावर फोनने सांगितली. तेव्हापासून तो लाकूड विसरला. निळा पिंप आणला, नळाचे जाड पांढरे पाइप आणले, रस्त्यात खड्ड्याभोवती ठेवतात तो नारिंगी शंकू उलटा करून पिंपावर बसवला, आणि सुनेचं घर साफ करायचं मशीन उचलून त्याला जोडून टाकलं. सून आता हाताने झाडते. दर रविवारी त्याच्यासारखेच चार रिकामटेकडे जमतात. त्यात एक रामदासपेठेतला दातांचा डॉक्टर आहे. प्रत्येकाच्या घरी असंच एक सोंग उभं आहे. पाइपाच्या तोंडाशी तळहात धरतात आणि बायको सुखरूप बाळंत झाल्यासारखे एकमेकांकडे बघतात. मी देवासाठी एक साधा चौरंग मागितला होता, त्याला बरेच दिवस झाले. सतीश म्हणतो, "आई, आधी धुळीचं सेटिंग होऊ दे, मग सगळं लाइनीत करून देतो." हे बोलणं मी आधीही ऐकलेलं आहे. तेव्हा बोलणारा माझा बाप होता.

आम्ही मूळचे सावनेरकडचे. बाबा सरकारी कचेरीत कारकून लागले म्हणून नागपुरात आलो. जुन्या मोहल्ल्यात कवेलूचं, म्हणजे कौलारू घर होतं. पुढे पडवीसारखी छपरी, मधे एक खोली, मागे स्वयंपाकघर, आणि बाजूला आंगण. आंगण एवढं मोठं होतं की गल्लीतल्या बायका उन्हाळ्याची वाळवणं आमच्याकडेच घालत. घरात आम्ही तिघंच, बाबा, माय आणि मी. मायला दमा होता. पहाटे गिरणीचा भोंगा व्हायचा, पण मला त्याच्याआधीच जाग यायची ती मायच्या छातीच्या आवाजाने. रिकाम्या बाटलीत कोणी फुंकर मारावी तसा तो आवाज होता. तो ऐकू आला की मी उठून चूल पेटवायची आणि गरम पाणी द्यायची. पाणी पिऊन ती भिंतीला टेकून बसायची, आणि बसल्या बसल्या मला पीठ किती घ्यायचं ते बोटाने दाखवायची. बोलायला श्वास लागतो, म्हणून माय फार कमी बोलायची. पण जे बोलायची ते नेमकं लागायचं.

बाबांना सुतारकामाचा नाद कुठून लागला कोण जाणे. आमच्यात कोणी सुतार नव्हतं. भंगारातून एक मोटर आणली, तिला गोल करवत बसवली आणि छपरीत ते प्रकरण मांडलं. कचेरीतून आले की शर्ट खुंटीला, आणि करवत सुरू. तिचा आवाज असा की शेजारचा कुत्रा उठून दुसऱ्या गल्लीत जाऊन झोपायचा. भुसा घरभर. अंथरुणावर, माठाच्या पाण्यावर, भाकरीच्या टोपलीत. सागाचा भुसा कडू असतो. वरणात पडला की पहिल्या घासाला समजतो. बाबांना समजत नसे. ते जेवताना फळीकडे बघत असत. एवढं कापून त्यांनी काय केलं असं कोणी विचारेल, तर काही नाही. पाट नाही, स्टूल नाही, मायला टेकायला साधी फळीसुद्धा नाही. फळी कापायची, मापात बसली नाही म्हणायचं, अजून कापायची, शेवटी ती चुलीत जायची. चुलीसाठी लाकूड करवतीने कापणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला.

मायचा दमा वाढला तेव्हा डॉक्टर घरी आला. छपरीतूनच आत आला, चपलेखाली भुसा घेऊन. तपासलं, आणि म्हणाला, यांना धुळीपासून जपा. शहाणा माणूस असता तर त्याच दिवशी करवत उचलून जिथून आणली तिथे देऊन आला असता. बाबांना ते सुचलंच नाही. मी पुष्कळ वर्षं विचार केला आहे यावर, आणि माझी खात्री आहे की हे त्यांनी मुद्दाम टाळलं नाही. ते खरोखरच त्यांच्या डोक्यात आलं नाही. डॉक्टरने धूळ नको म्हटलं, म्हणजे धूळ ओढायचं मशीन करायला सांगितलं, असं ते समजले. एवढे खूश झाले की डॉक्टरला पुन्हा चहा पाजला.

त्याच उन्हाळ्यात मी चौथी पास झाले. मायला वाकून झाडणं जमेनासं झालं होतं. फडा हातात घेतला, म्हणजे शिंदीची केरसुणी, की धूळ उठायची आणि तिला धाप लागायची. म्हणून मी घरी. गल्लीतल्या पोरी पाचवीच्या शाळेत जायला लागल्या आणि मी सकाळी झाडायची, बाबा कचेरीतून येऊन कापायला बसले की त्यानंतर झाडायची, जेवणाआधी पुन्हा झाडायची. मी विचारलं तेव्हा बाबांनी मला जवळ बसवलं आणि समजावलं.

"हे मशीन झालं की घरात भुसा राहणार नाही. भुसा नाही, तर तुझ्या मायले त्रास नाही. त्रास नाही, तर माय झाडून घेईल. मग तू खुशाल शाळेत जाय. पुढच्या साली नाव घालतो."

"पक्कं?"

"पक्कं म्हणजे काय वं. होऊनच राहिलं आता."

म्हणजे माझी पाचवी त्या मशीनमध्ये अडकली. म्हणून मी त्या मशीनकडे जेवढं लक्ष दिलं तेवढं बाबांनीही दिलं नसेल.

ते असं होतं. लोहार भात्याच्या जागी हाताने फिरवायचा लोखंडी पंखा वापरतो, तो बाबांनी कुठून तरी आणला. त्याची हवा ओढायची बाजू पत्र्याच्या नळीने रॉकेलच्या पिंपाला जोडली, आणि पिंपापासून दुसरी नळी करवतीखाली नेली. सांध्यांना सायकलची फाटकी ट्यूब गुंडाळली. भुसा नळीतून पिंपात पडावा आणि हवा पंख्यातून पलीकडे निघून जावी, असा बेत. पलीकडच्या तोंडाला एक मोठी पिशवी बांधली. पिशवी मायच्या लुगड्याची. धुवून धुवून विरलेलं होतं, पण अंगावर नेसायचं होतं. विचारलं नाही, कापलं. आधी पंखा हाताने फिरवायचा होता आणि फिरवायची मी. बाबा कापणार, मी फिरवणार, आणि मग जो भुसा खाली उरेल तो मीच झाडणार. पुढे त्यालाही मोटर लागली.

या कामात बाबांना दोन जोडीदार होते. एक बोंद्रे, कचेरीतलेच, आणि एक सोनटक्के मास्तर, जे शाळेत चित्रकला शिकवत. दोघांच्याही घरी अशीच एकेक करवत होती आणि असाच एकेक पिंप. संध्याकाळी जमायचे. बोंद्रे म्हणायचे, नळी रुंद पाहिजे. मास्तर म्हणायचे, नळी अरुंद पाहिजे. बाबा दोन्ही करून पाहायचे. कोणाच्या घरी काय बनलं हे मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. कोणाच्या पिंपात किती जमलं एवढंच ऐकलं. पिंपाचं झाकण उघडून तिघंही आत वाकायचे आणि बराच वेळ वर यायचे नाहीत. बाबा म्हणायचे, "पाह्य गा बोंद्रे, एवढं सगळं घरात गेलं असतं."

गेलं असतं, पण ते जाड होतं. जाड भुसा मी फड्याने उचलतच होते. जो मला उचलता येत नव्हता तो बारीक बुरादा, आणि तोच हे मशीन लुगड्याच्या पिशवीतून गाळून, चाळणीतून मैदा पडावा तसा घरात सोडत होतं. पिशवी फुगली की तिच्याभोवती उन्हाच्या तिरिपेत तो सरळ दिसायचा. मी बाबांना दाखवला.

"पिशवीतून उडून राहिलं, बाबा."

"ते हलकं असते. हलक्यानं काही होत नाही."

आतून माय म्हणाली, "मीबी हलकीच झाली आता."

बाबा, बोंद्रे आणि मास्तर, तिघेही हसले. त्यांना ती गंमत वाटली.

सतीशला मी एकदा बोलता बोलता सांगितलं की तुझ्या आजोबांनी असं मशीन केलं होतं. केवढा हरखला तो. रविवारी त्या मंडळींना सांगत सुटला, माझे आजोबा काळाच्या पुढे होते. दातांचा डॉक्टर माझ्याजवळ येऊन नमस्कार करून गेला. मी पुढचं सांगितलं नाही. त्यांना ऐकायचं असतं तेवढंच त्यांनी ऐकलं होतं.

पुढचं असं. दुसरा उन्हाळा आला. जूनमध्ये शाळा उघडणार म्हणून मी बाबांच्या मागे लागले होते. पिशवी सारखी चोंदते, त्यामुळे ओढ कमी पडते, असं तिघांचं म्हणणं होतं. तेव्हा बोंद्रेंनी तोडगा काढला की हवा घरात सोडायचीच कशाला, भिंतीला भोक पाडा आणि नळी बाहेर काढा. बाहेर काढली तर पिशवीही नको. बाबांनी बोंद्रेंना मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली. भोक पाडलं ते आंगणाच्या भिंतीला. रविवारी चालवून पाहायचं ठरलं.

त्याच रविवारी आमच्या आंगणात गल्लीच्या कुरोड्या होत्या. हे कोणापासून लपलेलं नव्हतं. गहू भिजवलेले त्याचा आंबूस वास घरात येत होता, आदल्या दिवसापासून बाजा उलट्या करून त्यांच्यावर धोतरं ताणून ठेवली होती, आणि बाबा स्वतः त्या बाजांना वळसा घालून नळी बसवायला गेले होते. वर्षभर कुरोडी तळून खाणाऱ्या तीन माणसांपैकी एकालाही ती कुठे वाळते हा विचार आला नाही.

मायसाठी तो दिवस मोठा होता. एरवी ती कोणाच्या कामाची राहिली नव्हती, पण चीक शिजला की नाही हे तिच्याइतकं गल्लीत कोणाला समजत नसे. बायका तिला विचारल्याशिवाय पातेलं उतरवत नसत. चीक उतरला, आणि ती साचा घेऊन कुरोड्या घालायला बसली. ऊन तिला चालायचं नाही, म्हणून भिंतीच्या सावलीत बसली. नळी तिच्या डोक्यावर आली.

गिरजाकाकू गल्लीतली सगळ्यात मोठी बाई. ती म्हणाली, "तुह्या घरवाल्यानं भिंतीले नाक काहून काढलं वं?"

"शिंकणार हाय ते," माय म्हणाली.

बायका हसल्या. गरम चिकावर तेल-मीठ घालून वाटीत खाणं चाललं होतं. मी बाजेवर कुरोड्यांची रांग लावत होते. तेवढ्यात आत मोटर सुरू झाली, मग करवत, आणि नळीतून आधी थोडा आणि मग भसाभस पिवळा बुरादा निघाला. सकाळचं वारं नव्हतं, त्यामुळे तो उडून गेला नाही. खाली बसला. ओल्या कुरोडीवर भुसा बसला की निघत नाही. पुसायला जावं तर कुरोडी मोडते. बायका ओरडायला लागल्या, पदराने बाजा झाकायला लागल्या. मायने साचा सोडला. दोन्ही हात जमिनीला टेकवले आणि तोंड उघडून श्वास ओढायला लागली, आणि ओढत होती तो बुरादाच.

मी आत धावले. तिघे करवतीभोवती उभे होते आणि खाली जमिनीकडे बघत होते. जमीन स्वच्छ होती.

"पाह्य वं," बाबा मला म्हणाले, "एक कण नाही खाली."

"बंद करा. मायले धाप लागली."

बाबांनी हात वर केला. "थांब, फळी पूर्ण होऊ दे."

आणि त्यांनी फळी पूर्ण केली. लांब फळी होती. सोनटक्के मास्तरांनी दुसरं टोक धरलं होतं. ती संपली, दोन तुकडे झाले, बाबांनी ते नीट बाजूला ठेवले आणि मग बटण बंद केलं. माझ्या बापाबद्दल मला जे काही म्हणायचं आहे ते एवढंच. बाकीचं सगळं लोकांनी म्हटलं ते खरं असेल, की माणूस निर्व्यसनी होता, आवाज चढवून बोलला नाही, हात उचलला नाही.

आम्ही बाहेर आलो. बाबांनी आधी नळीकडे पाहिलं, मग बुरादा कुठवर गेला ते पाहिलं.

"जोर पाह्य गा, बोंद्रे. पार तुळशीपर्यंत."

गिरजाकाकू म्हणाली, "भाऊजी, खाली पाहा. ते तुमची बायको हाय."

रिक्षातून मायला दवाखान्यात नेलं. सुई दिली, रात्र तिथेच काढली. बाबा डॉक्टरला हवेची दिशा कशी चुकली ते समजावून सांगत होते, हातांनी नळीचा आकार दाखवत होते. डॉक्टर त्यांच्याकडे न बघता सुई उकळत होता.

गल्लीने भांडण केलं नाही. गिरजाकाकूने त्या कुरोड्या वाळवल्या, तळल्या, आणि एक परात भरून आमच्याकडे आणून बाबांच्या, बोंद्रेंच्या आणि मास्तरांच्या पुढे ठेवली. "खा. तुमच्याच मशीनच्या हायेत." खाईपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी राहिली. बोंद्रे म्हणाले, थोड्या कडवट लागून राहिल्या. त्यानंतर गल्लीची वाळवणं आमच्या आंगणात कधी पडली नाहीत. बायका येईनाशा झाल्या, आणि मायचं जे काही थोडं बोलणं होतं तेही बंद झालं. महिनाभर ती बाजेवर पडून होती.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी ती उठून बसली. बाबा जेवत होते. त्यांना नवीन काहीतरी सुचलं होतं, पिंपात पाणी भरायचं आणि हवा पाण्यातून न्यायची. ते मला सांगत होते. मायने कोपऱ्यातला फडा उचलला आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

"उद्या पोरगी शाळेत जाईल. हे तुमी धरा."

"अवं, पण मशीन..."

"मशीनले आग लावा."

एवढं बोलायला तिला दोनदा थांबावं लागलं. बाबांनी फडा ताटापासून जरा लांब सरकवला. मग म्हणाले, "त्यात काय आहे. झाडीन मी." राग नाही, काही नाही. बाबांना राग येत नसे.

दुसऱ्या दिवशी गिरजाकाकूने मला शाळेत नेलं आणि नाव घातलं. वर्गात मी सगळ्यांत उंच होते, म्हणून मागे बसवलं. पाचवीपासून इंग्रजी सुरू व्हायचं. बाई रोज फळ्यावर एकेक अक्षर काढायच्या आणि आम्ही पाटीभर गिरवायचो. मला ते फार सोपं गेलं. घरी आल्यावर झाडायचं काम नव्हतं. बाबा कचेरीत जायच्या आधी झाडत असत, वाईट झाडत, कोपरे सोडून देत, पण झाडत. करवतीवर पोतं टाकलं होतं. माय बाजेवरून बोटाने त्यांना राहिलेली जागा दाखवायची. पहाटेचा बाटलीचा आवाज कमी झाला होता, हे मी कानांनी ऐकलं आहे.

मग एका सकाळी बाबा मधेच सरळ उभे राहिले, कंबरेला हात लावला, आणि फडा उलटसुलट करून बघायला लागले.

"हे आखूड आहे," ते म्हणाले. "वाकून झाडायची पद्धतच चूक आहे. हिले दांडा पाहिजे."

मायने डोळे मिटले. मी शाळेत गेले. त्या दिवशी बाईंनी एफ काढला होता. दुपारी परत येताना गल्लीच्या तोंडाशीच मला करवत ऐकू आली. बाबांनी कचेरीतून सुट्टी घेतली होती. बोंद्रे नव्हते, मास्तर नव्हते, एकट्यानेच चाललं होतं. एका दांड्यासाठी त्यांनी किती दांडे कापले देव जाणे. भुसा छपरीतून खोलीत, खोलीतून थेट चुलीपर्यंत गेला होता. माय पदर तोंडावर धरून आंगणात, भिंतीकडे तोंड करून बसली होती, आणि तिची पाठ वरखाली होत होती.

बाबा दारात आले. फड्याला लांब दांडा बसला होता, घासून गुळगुळीत केलेला. त्यांच्या हातून पुरी झालेली तेवढी एकच वस्तू.

"धरून पाह्य," ते म्हणाले. "वाकावं लागते का सांग."

मी धरून पाहिला. वाकावं लागत नव्हतं. मी पाटी-दप्तर खुंटीला अडकवलं, आणि ते पुन्हा काढायचं काम पडलं नाही. चुलीकडून सुरुवात केली आणि झाडत झाडत दारापर्यंत आले.